चॅट डिलीट करायच्या आधी हे वाच (कराडच्या भावासाठी)

भावा, तुझी पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. गेममधलं गोल्ड (गेममधला पैसा) खऱ्या २६०० रुपयांना विकलंस, आठवड्यात आयडी पर्मनंट बॅन, आणि आता बँक म्हणतीय खात्याला लिअन लागलाय, म्हणजे पैसे अडकवून ठेवलेत. त्यातनं माणूस निघतो, वेळ लागतो पण निघतो. मला लिहायला बसवलं ते तुझ्या शेवटच्या ओळीनं, की आज रात्री खरेदीदाराशी झालेलं सगळं चॅट साफ करतो आणि मग गेमच्या कंपनीला अपील करतो. नको. मी २०२२ ला नेमकं हेच केलं होतं.

(मी वकील नाही, पोलिसात कोण ओळखीचं नाही. गेमचं आणि बँकेचं नाव विचारू नका, सांगणार नाही.)

आमचं गाव तासगावकडं. मी खेळायचो त्या गेमच्या डिस्कॉर्डवर (गेमवाल्यांचं गप्पांचं अ‍ॅप) मी दोन वर्षं पडीक होतो. तिथं ट्रेडसाठी एक चॅनेल होतं, मॉड (चॅनेल सांभाळणारे) बघून न बघितल्यासारखं करायचे, म्हणून मला वाटायचं कंपनीला चालतंय. मॉड म्हणजे आपल्यासारखीच फुकट राबणारी पोरं, त्यांच्या 'चालतंय'ला काडीची किंमत नाही, हे फार उशिरा कळलं. एका रात्री कंपनीची नोटीस आली, पैसे घेऊन गोल्ड विकणाऱ्यांचे आयडी जाणार, आणि तासाभरात ते चॅनेलच उडवलं. मी असा घाबरलो की खरेदीदाराशी झालेले डीएम (खाजगी मेसेज) एकेक करून डिलीट केले, गिल्ड (गेममधली आमची टोळी) सोडली, खरेदीदाराला ब्लॉक केलं, कशाला तर कंपनीला पुरावा सापडू नये म्हणून! अरे कंपनीला तुझं चॅट लागतच नाही. कुठल्या आयडीतनं कुठं किती गोल्ड गेलं आणि बदल्यात गेममध्ये काहीच आलं नाही, हे त्यांच्या सर्व्हरवर दिसतं. बॅन व्हायचा तो झालाच. चॅट लागणार होतं ते मला.

तीन आठवड्यांनी वडिलांचं खातं फ्रीझ झालं. हो, वडिलांचं, कारण माझ्या फोनमधलं यूपीआय त्यांच्या खात्याला जोडलेलं. ज्यानं मला ३४०० पाठवले त्यानं ते कुणालातरी गंडवून आणलेले, त्या गंडलेल्या माणसानं परराज्यात तक्रार केली, आणि पैसे पुढं ज्या खात्यात गेले ते आमचं. त्याच खात्यात बेदाणा विकल्याची पट्टी (अडत्याकडनं आलेले पैसे) पडलेली, १ लाख ८६ हजार. एप्रिल महिना, द्राक्षाची खरड छाटणी तोंडावर, मुकादम रोज दारात. वडिलांना वाटलं अडत्याचा चेक वटला नाही, ते त्याच्याशी भांडून आले, आणि मी गप्प. दोन दिवस गप्प. ते आजपण निघतं घरात.

बँकेचं काय सांगू. पहिल्या दिवशी "वरनं आलंय", दुसऱ्या दिवशी "सायबरला विचारा", कुठल्या सायबरला विचारलं तर "ते आम्हाला दिसत नाही", साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, सांगलीच्या मोठ्या शाखेत जावा, तिथं गेलो तर म्हणे तुमच्याच शाखेत अर्ज द्या. अकरा हेलपाटे घातले मी, मोजून. शेवटी कर्जाच्या टेबलावरच्या एका मॅडमनी स्क्रीन माझ्याकडं फिरवली आणि त्यावर सगळं होतं, तक्रारीचा अक्नॉलेजमेंट नंबर, पोलीस ठाणं, वादातली रक्कम. दोन मिनिटांचं काम! म्हणून तू तोंडी विचारूच नको. या तीन गोष्टी मागणारा लेखी अर्ज दे आणि पोच घे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर आरबीआयच्या लोकपालाकडं जाता येतं, पण ते बँक उत्तर देत नाही म्हणून, पोलिसांनी लावलेला लिअन ते काढत नाहीत. आणि अर्जातच लिही की होल्ड वादातल्या रकमेपुरता ठेवा. केरळ हायकोर्टानं २०२३ ला तसं म्हटलंय, आपल्याकडं तेवढ्यावर ऐकतीलच असं नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करून तुझं काम होणार नाही, तो नंबर फसलेल्या माणसासाठी.

मग तपास अधिकाऱ्याला मेल. तो पहिल्याच फोनवर म्हणाला, पैसे कशाचे ते दाखव. काय दाखवू? डिस्कॉर्डकडनं आपला डेटा मागवता येतो, मागवला, पण डिलीट केलेलं त्यात नव्हतं. शेवटी विट्याच्या एका गिल्डमेटकडं स्क्रीनशॉट निघाले, कारण सौदा झाल्यावर मीच ग्रुपवर शेखी मिरवायला टाकलेले. नशीब. तरी साडेचार महिने गेले, छाटणी उसनवारीवर झाली.

कंपनीवर माझा राग आहे पण बॅनवर नाही. ठगांचा धंदाच असा, चोरीच्या कार्डावर टॉप-अप करायचा, गोल्ड स्वस्तात विकायचं, कार्डवाला तक्रार करतो, चार्जबॅकमध्ये (बँक कार्डवाल्याला पैसे परत करते तेव्हा) ते कंपनीच्या खिशातनं जातात. रुनस्केप या ऑनलाइन गेमवाल्यांनी ह्याच्यापायीच २००८ च्या सुरुवातीला खेळाडूंमधला मोकळा व्यापार बंद केला, लोक चिडले, शेवटी मतदान घेऊन फेब्रुवारी २०११ ला परत चालू करावा लागला. काउंटर-स्ट्राइक गेममधल्या पेट्या उघडायच्या नव्या चाव्यांचा ट्रेड वाल्व कंपनीनं ऑक्टोबर २०१९ ला थांबवला तेव्हा पण कारण फसवणुकीचा पैसाच. मला ईव्ह ऑनलाइन या गेमची पद्धत पटते, प्लेक्स नावाची गेममधली वस्तू खऱ्या पैशात कंपनीच विकते, ते गेमच्या बाजारात गेमच्या पैशात विकता येतं, आणि २००८ पासून खेळाडूंनी निवडून दिलेली कौन्सिल आहे. आमच्याकडं दोन वर्षं डोळेझाक आणि एका रात्री झाडू. निदान चॅनेल फक्त वाचण्यापुरतं ठेवलं असतं तर माझ्यासारख्याला पुरावा तरी राहिला असता.

आयडीचं अपील सध्या सोडून दे. नियमात गोल्ड कंपनीचंच असतं, आपल्याला फक्त वापरायला दिलेलं. अपीलात "विकलंच नाही" लिहिशील आणि पोलिसांना "विकलं" सांगशील, तर दोन्हीकडं अडकशील.

आणि पोलिसांशी बोलताना "गेममधनं पैसे कमावतो" असं मोघम बोलू नको. ऑगस्ट २०२५ चा कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, पण गेम म्हटलं की समोरच्याला आधी सट्टाच वाटतो. कुठली वस्तू, कुणाला, कितीला, कधी, तेवढंच सांग.

चॅटचे स्क्रीनशॉट तारीख आणि समोरच्याचं युजरनेम दिसेल असे आत्ताच घे, यूपीआयचा यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा नंबर) लिहून ठेव. आणि ते खाते कुणाच्या नावावर आहे ते तू पोस्टमध्ये लिहिलंच नाहीस. घरच्यांचं असेल तर बँकेच्या आधी त्यांना सांग. माझ्या मेलचा ड्राफ्ट अजून आहे, पोलीस ठाणं कळलं की सांग, नावं खोडून पाठवतो.