रोमकरांस 13 वाचून सरकारला विरोध करणं पाप ठरतं का?

प्रश्नकर्त्याने एका दमात तीन गोष्टी विचारल्या आहेत. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा 13 वा अध्याय वाचला तर ख्रिस्ती माणसाने सरकारला विरोध करणं पाप आहे का, गरिबांची काळजी सरकारने घ्यायची की मंडळीने (म्हणजे चर्चने), आणि न पटणाऱ्या सरकारला कर द्यावा का. पहिल्या प्रश्नावरून आमच्या घरात बरीच भांडणं झाली आहेत, त्यामुळे मी तिथेच जास्त रेंगाळणार.

पाप नाही. ज्यांना ते पाप वाटतं, त्यांना बहुतेक वेळा आपल्या आवडीची माणसं सत्तेवर असतानाच तसं वाटतं.

माझे काका मंडळीत ‘वडील’ आहेत, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक. शास्त्र तोंडपाठ, आवाज खणखणीत. एका रविवारी उपासनेनंतर काही तरुण मुलं एका अर्जावर सह्या घेत होती. एका सरकारी खात्यात कंत्राटावर काम करणाऱ्यांचे पगार थकले होते, त्यातली काही कुटुंबं आमच्याच मंडळीतली. मी पेन हातात घेतलं आणि काकांनी सगळ्यांसमोर रोमकरांस 13 सुरू केलं. अधिकारी देवाने नेमलेले असतात, त्यांना आडवा जाणारा देवाच्या व्यवस्थेला आडवा जातो, वगैरे. मी म्हटलं, ‘‘काका, हा अर्ज आहे, बंड नाही.’’

‘‘सुरुवात अशीच होते,’’ ते म्हणाले.

मी सही केली. त्यानंतर कितीतरी दिवस घरात मला ‘आमच्या पुढारीणबाई’ अशी हाक ऐकावी लागली.

पुढे सरकार बदललं. नव्या सरकारने धार्मिक संस्थांच्या मालमत्तेचे हिशेब मागवले आणि हेच काका वेदीजवळ उभे राहून प्रेषितांची कृत्ये 5:29 वाचू लागले: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. आता येशूचा शिष्य पेत्र हे म्हणाला तेव्हा त्याला येशूच्या नावाने शिकवायला मनाई झाली होती. त्याच्याकडे कुणी जमाखर्चाची वही मागितली नव्हती. मी घरी विचारलं, ‘‘रोमकरांस 13 कुठे गेलं?’’ उत्तर मिळालं, ‘‘ती गोष्ट वेगळी होती.’’ वेगळं काय होतं, ते अजून सांगितलेलं नाही.

काकांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही म्हणा. या अध्यायाचं हे फार जुनं दुखणं आहे. 1750 मध्ये बोस्टनमध्ये जोनाथन मेह्यू या पाळकाने याच रोमकरांस 13 वर उपदेश करून जुलमी राजाला विरोध करणं योग्य आहे असं दाखवलं. त्याचा मुद्दा साधा होता: पौल ज्या अधिकाऱ्याबद्दल बोलतो तो चांगल्यासाठी देवाचा सेवक आहे, जो लोकांना नागवतो त्याला हे वर्णन लागूच पडत नाही. अमेरिकेतच 2018 मध्ये सीमेवर मुलांना आईबापांपासून वेगळं करण्यावरून टीका झाली, तेव्हा तिथल्या ॲटर्नी जनरलने (सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याने) हाच अध्याय पुढे केला. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीच्या समर्थनार्थही हाच वापरला गेला आणि 1985 च्या कैरोस दस्तऐवजाने (तिथल्या ख्रिस्ती धर्मपंडितांच्या जाहीरनाम्याने) त्या वापराला नाव घेऊन खोडून काढलं.

पौलाने हे पत्र लिहिलं तेव्हा रोमच्या गादीवर सम्राट नीरो होता. काकांचा हा आवडता हुकमाचा एक्का: नीरोची आज्ञा पाळायची तर आपल्या सरकारची का नाही? पण पौल स्वतः किती वेळा तुरुंगात गेला? परंपरा तर सांगते की नीरोच्याच काळात त्याचा शिरच्छेद झाला. पौलाने सत्तेचा मान राखला, पण सत्ता म्हणाली म्हणून तोंड बंद ठेवलं नाही. आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, 13 व्या अध्यायात तीच रोमी सत्ता समुद्रातून वर येणारं श्वापद झालेली आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दोन्ही तेरावे अध्याय एकाच नव्या करारात आहेत. एकच वाचायचा आणि दुसरा मिटून ठेवायचा, याला मी शास्त्रनिष्ठा म्हणत नाही.

प्रोटेस्टंट सुधारणेचा जर्मन पुढारी ल्यूथर याने 1523 मध्ये लिहिलं की ऐहिक सत्तेचा अधिकार जीव आणि मालमत्तेवर चालतो, आत्म्यावर नाही. छान. दोनच वर्षांनी शेतकऱ्यांनी बंड केलं, तेव्हा त्याच ल्यूथरने त्यांना कापून काढा असं राजांना सांगितलं. ॲनाबॅप्टिस्टांनी (फक्त प्रौढांनाच बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाने) 1527 मध्ये श्लाइटहाइम या गावी ठरवलं की ख्रिस्ताच्या माणसाने तलवार, सरकारी पद आणि शपथ यांपासून दूर राहायचं. त्याच वर्षी त्यांच्या पुढाऱ्याला, मिखाएल झाटलरला, जाळण्यात आलं. मला त्यांची भूमिका पूर्ण पटत नाही, कारण सगळेच चांगले लोक पदापासून दूर राहिले तर पदावर कोण बसणार? पण राजा कुठलाही असो, त्यांचं म्हणणं तेच राहिलं. अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीतला पाळक रॉजर विल्यम्सही तसाच. मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार झाल्यावर त्याने 1636 मध्ये प्रॉव्हिडन्स हे गाव वसवलं, आणि ज्या क्वेकरांशी (युद्धाला विरोध करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाशी) तो 1672 मध्ये कडाकडा भांडला, त्यांनाही तिथे राहू दिलं. न पटणाऱ्याला मोकळीक देणं म्हणजे काय ते त्याला कळलं होतं. आमच्याकडे हे कळायला सरकार बदलावं लागतं, आणि तेव्हाही ते स्वतःपुरतंच कळतं.

तेव्हा तुम्हाला कुणी वचन ऐकवलं तर एकच विचारा: सत्तेवर दुसरा पक्ष असता तर हेच वचन वाचलं असतंत का? मी हे जेवताना विचारलं होतं. काका हात धुवायला उठले.

गरिबांबद्दल थोडक्यात. कॅथलिक शिकवणीत 1891 मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगाराला न्याय्य वेतन मिळावं आणि गरज असेल तिथे सरकारने मध्ये पडावं असं मांडलं. 1931 मध्ये पायस अकरावे यांनी त्याला मर्यादा घातली: जे काम खालच्या पातळीवर नीट होतं ते वरच्याने ओढून घेऊ नये. नेदरलँड्समध्ये कायपर हा धर्मपंडित 1901 ते 1905 पंतप्रधान होता. कुटुंब, शाळा, मंडळी, सरकार, प्रत्येकाला देवाने आपापलं क्षेत्र दिलं आहे, असं तो म्हणे. यातलं कोणीही ‘सरकारने काहीच करू नये’ असं म्हणत नाही, ‘सगळं सरकारनेच करावं’ असंही नाही. थकलेला पगार सरकारनेच द्यायचा असतो, हे मात्र कुठल्याही परंपरेत बसतं. काका.

ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या, ग्रीक-रशियन परंपरेच्या) मंडळ्यांबद्दल मी काहीच लिहिलं नाही. सम्राट आणि मंडळी यांचा त्यांचा संबंध निराळाच आहे. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही, आणि काका ल्यूथरबद्दल माझ्याशी सहमत होणार नाहीत. ‘विरोध करा’ म्हणजे हत्यार उचला असंही मी म्हणत नाही. जर्मन पाळक बॉनहोफर हिटलरविरोधी कटात सामील झाला, पण त्याने आपल्यावरचा दोष शास्त्रवचनाने पुसून टाकला नाही.

कर भरा. रोमकरांस 13:7 मध्ये ते स्पष्ट आहे आणि येशूनेही कैसराचं कैसराला द्यायला सांगितलं. अठराव्या शतकात काही क्वेकरांनी युद्धासाठीचा कर नाकारला, पण त्याची शिक्षाही उघडपणे सोसली. तुमची तेवढी तयारी असेल तर वेगळं बोलू.