मनोरुग्णालयात आयुष्य गेलेल्या नातेवाइकाची माहिती जुन्या नोंदींतून मिळते का?

आजीची बहीण 1950च्या सुमारास मनोरुग्णालयात गेली, तिथेच वारली, घरात कुणी विषय काढू देत नाही. कागदांवरून काही कळेल का, असं तुम्ही विचारलंय. कळतं. घरच्यांनी सांगितलं त्याहून जास्त कळतं, आणि म्हणूनच घरचे नको म्हणतात.

माझ्या आत्याबद्दल आमच्याकडे एकच वाक्य ठरलेलं: "तिला माणसं ओळखू येत नव्हती, दवाखान्याने कधी काही कळवलंही नाही." थोरले काका आजही तेच म्हणतात. मी तिची फाइल वाचली आहे. सुरुवातीलाच मॅजिस्ट्रेटचा दाखल आदेश आहे. 1912च्या मनोरुग्णांविषयीच्या कायद्याप्रमाणे (इंडियन लुनसी ॲक्ट) नातेवाइकाने अर्ज करायचा, सोबत डॉक्टरांचे दोन दाखले जोडायचे, मग असा आदेश निघायचा. त्यासोबतच्या तक्त्यात लग्न, धर्म, व्यवसाय, आजार पहिल्यांदाच झालाय का, जवळच्या नात्यात आणखी कुणाला आहे का, असे रकाने. नात्याच्या रकान्यात ठसठशीत 'नाही'. घरात लग्नाच्या मुली होत्या, दुसरं काय लिहिणार? हे रकाने जरूर वाचा, पण ते पाठवणाऱ्याने भरलेत हे धरून वाचा.

आत्या मला भेटली ती पुढच्या कंटाळवाण्या कागदांत. महिन्याच्या महिन्याला वजन. शिवणकामाच्या यादीत नाव. एका ठिकाणी शेरा: "शांत आहे, कामाला जाते, घरी जायचे म्हणते." त्यामागे घरी धाडलेल्या पत्राची कार्बन प्रत: प्रकृती सुधारली आहे, घेऊन जावे. आणि तिला टाचलेलं, परत आलेलं पाकीट. पत्ता आमचाच, अगदी अचूक. वर पोस्टमनच्या अक्षरात 'घेण्यास नकार'.

दवाखान्याने कळवलं होतं, काका.

तुमच्यासाठी: आधी दाखल क्रमांक मिळवा. नाव माहेरचं लिहिलंय की सासरचं, याचा भरवसा नसतो, दोन्ही द्या. केसपेपर नष्ट झाले असले तरी दाखल-नोंदवही मागा. आदेशाचे कागद कोर्टाच्या किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असू शकतात. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्या निबंधकाकडे होते, गावच्या ग्रामपंचायतीत शोधत बसू नका. दवाखाना नागपूरचा असेल तर 1956पर्यंत नागपूर मध्य प्रदेशात होतं, तेव्हा वरच्या कार्यालयांचे कागद मुंबईतच असतील असं धरू नका. 'खासगी माहिती' म्हणून नकार आला तर माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(3) दाखवा. वीस वर्षांपूर्वीच्या बाबींना ती सबब सहसा चालत नाही. तरी नकार आला तर अपील करा.

जुनं उकरू नका, असं घरात कुणी म्हणालं तर विचारा की भेटायला शेवटचं कोण गेलं होतं. आमच्याकडे या प्रश्नाला उत्तर मिळालेलं नाही.

एक राहिलं. हे सगळं माणूस हयात नसेल तरच. हयात असेल तर 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने कागद बघण्याचा हक्क त्या रुग्णाचा आहे. आधी त्यांना जाऊन भेटा, कागद मागवायचे का हे त्यांनाच विचारा.