एफ-१ वरून एच-१बी झालेल्या वर्षाचं अमेरिकी रिटर्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्ट २०२२ मध्ये एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर अमेरिकेत आलात, १ ऑक्टोबर २०२५ ला ओपीटीवरून (एफ-१ वरच शिक्षणानंतर मिळणारी कामाची परवानगी) एच-१बी (नोकरीचा व्हिसा) झालं, नोव्हेंबरात तीन आठवडे भारतात जाऊन लग्न केलंत, डिसेंबरात पत्नी एच-४ (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर आली. सॉफ्टवेअरने दोघांचा जॉइंट १०४० (अमेरिकेतल्या रेसिडेंटचा टॅक्स रिटर्नचा फॉर्म) तयार करून दिलाय, रिफंडही बरा दिसतोय. तो भरावा का, आणि भारतातल्या एफडीचं काय?

एवढ्यात भरू नका. सॉफ्टवेअरने तुम्हाला रेसिडेंट (टॅक्सच्या हिशेबाने रहिवासी) धरलंय, आणि अजून तरी तुम्ही रेसिडेंट नाही. एच-१बी झालं म्हणजे रेसिडेंट झालो, हा समज चुकीचा आहे. मोजायचे असतात ते दिवस. या वर्षाचे सगळे, गेल्या वर्षाचे एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश, आणि बेरीज किमान १८३. एफ-१ वरच्या पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस यात येतच नाहीत. तेव्हा तुमच्या हिशेबात उरतात फक्त ऑक्टोबर ते डिसेंबरचे ९२. त्यातून भारतातले पूर्ण २१ दिवस वजा (अमेरिकेतून निघाल्याचा आणि परत उतरल्याचा दिवस अमेरिकेतलाच धरतात), म्हणजे ७१. टेस्ट पास होत नाही.

मग सरळ मार्ग म्हणजे १०४०-एनआर (नॉन-रेसिडेंटचा रिटर्न फॉर्म), 'मॅरीड फायलिंग सेपरेटली' (विवाहित, पण रिटर्न वेगळं), सोबत न मोजलेल्या दिवसांसाठी फॉर्म ८८४३. यात भारतातलं व्याज दाखवावं लागत नाही. भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१(२) मुळे १०४०-एनआरवरही स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. बहुतेक इतर देशांच्या विद्यार्थ्यांना ही सोय नाही. मात्र जॉइंट रिटर्न यात भरता येत नाही.

जॉइंटच हवं असेल तर 'फर्स्ट-इयर चॉइस' घ्यावा लागेल, म्हणजे पुढच्या वर्षी टेस्ट पास होणार म्हणून याच वर्षी रेसिडेंट धरून घेण्याचा पर्याय. सलग ३१ दिवस अमेरिकेत, आणि त्या ३१ पैकी पहिल्या दिवसापासून वर्षअखेरपर्यंतच्या दिवसांपैकी ७५ टक्के अमेरिकेत, अशी अट आहे. ९२ चे ७५ टक्के ६९, तुमचे ७१, म्हणजे काठावर पास. मग दोघांच्या सहीचं निवेदन जोडून पूर्ण वर्ष रेसिडेंट धरून घ्यायचं. २०२५ साठी जॉइंटचं स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० डॉलर, शिवाय स्लॅबही रुंद. बदल्यात दोघांचं जगभरातलं उत्पन्न दाखवायचं. पत्नीचा जानेवारीपासूनचा भारतातला पगारसुद्धा. तिथे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट फॉर्म १११६ वर मिळतं. तिचं उत्पन्न नसेल किंवा थोडंच असेल, तर बहुधा हाच मार्ग स्वस्त पडतो. दोन्हीचे आकडे मांडून बघाच.

अडचण तारखेची आहे. हा चॉइस २०२६ ची टेस्ट पास झाल्यावरच घेता येतो. ७१ चा एक तृतीयांश २३.६७, म्हणजे २०२६ चे आणखी १६० दिवस हवेत. मध्ये कुठे गेला नाहीत तर १६० वा दिवस ९ जूनला येतो. तेव्हा १५ एप्रिलच्या आत मुदतवाढीचा फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत घ्या. ही मुदत कागदांची आहे, पैशांची नाही. अंदाजे जो टॅक्स निघतो तो एप्रिलमध्येच भरायचा, नाहीतर व्याज चालू होतं.

पत्नीला एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) मिळत नाही, त्याऐवजी आयटीआयएन हा टॅक्सपुरता नंबर लागेल. त्याचा अर्ज, डब्ल्यू-७, एकटा पाठवू नका, तो छापील रिटर्नच्या वर लावून जातो. मूळ पासपोर्ट पोस्टात टाकायची छाती होत नसेल (होऊही नये), तर सर्टिफाइंग अॅक्सेप्टन्स एजंटकडून (अमेरिकी करखात्याने मान्य केलेला एजंट) पासपोर्ट तपासून घ्या.

आता डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेलं वर्षाच्या पगाराचं पत्रक) हातात घ्या. बॉक्स १ मध्ये वर्षभराचा पगार असेल, पण बॉक्स ३ आणि ५ मध्ये (सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर टॅक्स लागणारा पगार) फक्त ऑक्टोबर ते डिसेंबरचाच हवा. तिथेही वर्षभराचा आकडा असेल तर ओपीटीच्या नऊ महिन्यांत तुमचे या टॅक्सचे ७.६५ टक्के उगाच कापलेत. आधी कंपनीच्या पेरोलकडे मागा. नाही म्हणाले तर फॉर्म ८४३ आणि ८३१६ आयआरएसला (अमेरिकी करखात्याला) पाठवा. हे पैसे रिटर्नमधून परत मिळत नाहीत, इथे बरेच जण फसतात.

एफडीचं सांगायचं तर, रेसिडेंट धरलं गेलात की व्याज अमेरिकेत करपात्र. एनआरई आणि पीपीएफ भारतात करमुक्त, इथे नाहीत. बँकेचं सर्टिफिकेट एप्रिल-मार्चचं असतं, तुम्हाला जानेवारी-डिसेंबर हवं. स्टेटमेंटमधून तिमाही बेरीज करावी लागते. सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एका दिवशी जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरायचा. उदाहरणार्थ बचत खातं ४,०००, एफडी ५,०००, पीपीएफ २,००० असेल तर तिन्ही खाती दाखवायची. वडिलांबरोबरचं जॉइंट खातंही पूर्ण रकमेने धरायचं. एफबार रिटर्नसोबत जात नाही, फिनसेन या अमेरिकी सरकारी खात्याच्या साइटवर वेगळा आणि फुकट भरायचा.

भारतातले म्युच्युअल फंड असतील तर ते रेसिडेंट होण्याआधी विकलेले बरे. नंतर परदेशी फंडांचा फॉर्म ८६२१ मागे लागतो, आणि तो प्रत्येक फंडासाठी वेगळा.