'नाही' म्हटल्यावर

बाळ,

तुझा फोन आला तेव्हा माझ्या औषधांच्या दुकानात गर्दी होती, धड बोलता आलं नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ट्रामाडोल, म्हणजे ती सवय लावणारी अफूवर्गातली वेदनाशामक गोळी, मागणाऱ्या पोराला तू तुझ्या दुकानातून परत पाठवलंस, ते बरोबरच. २०१८ पासून ते एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, तिथे दयामाया नाही. मग झोप का लागली नाही, म्हणतोस? 'नाही' म्हटल्यावर तू पुढे काहीच बोलला नाहीस म्हणून.

मीही बोललो नव्हतो. मार्केट यार्डातला एक हमाल पोती वाहून कंबर धरली म्हणून अशाच गोळ्या घ्यायला लागला, आणि गोळ्यांनीच त्याला धरलं. नखांत हळद, नाक गळतंय, जांभयांवर जांभया, अंगावर काटा. गोळी न मिळाल्याची ही लक्षणं मला पाठ होती. तरी 'मिळणार नाही' म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. तो परत आला नाही. कायद्याने मी चुकलो नव्हतो, हे आजही ठणकावून सांगेन. परवाना होता, पोरंबाळं होती. पण 'नाही' म्हणून वाट दाखवायची असते, ती मी दाखवली नाही.

या व्यसनावर औषध आहे रे. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोन. तलफ आवरते, माणूस कामावर जातो. 'एक व्यसन सोडवून दुसरं लावायचं' हे पुन्हा माझ्यासमोर बोलू नकोस. रोजची बीपीची गोळी नेणाऱ्या आजोबांना असं म्हणतोस का? आपल्याकडे ती व्यसनमुक्ती केंद्रातूनच मिळते, आपल्या कपाटात ठेवता येत नाही. मला ते पटत नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात या औषधाचा डोस नीट बसलेले ५८ रुग्ण दोन गटांत विभागून पाहिले: औषधाच्या दुकानात फार्मासिस्टकडे पाठवलेल्या २८ पैकी २५ महिन्यानंतरही उपचारात होते, नेहमीच्या उपचाराच्या ठिकाणी ३० पैकी ५. २०२३ साली छापून आलंय. गल्लीतलं दुकान रात्री दहापर्यंत उघडं असतं, आणि तिथे शिरताना कुणी वळून बघत नाही. आपली हीच ताकद कुणी वापरत नाही!

कायदा बदलेल तेव्हा बदलेल, तोवर वाट तरी दाखव. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जाऊन मानसोपचार ओपीडीचे वार विचारून ये. ते आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा हेल्पलाइन नंबर कागदावर लिहून गल्ल्याशेजारी ठेव. पोरगा आला तर बाजूला घे, आवाज खाली ठेव. व्यसनाच्या गोळ्या काही दिवस सोडून पुन्हा जुनाच डोस घेतला तर जीव जाऊ शकतो, हे मात्र स्पष्ट सांग.

ओपीडीचे वार कळले की मलाही कळव. माझ्या गल्ल्याशेजारी अजून तो कागद नाही.

तुझा,
काका