थांबलं की वाळू खरंच घट्ट होते का?

प्रश्न : नमस्कार सर, मी आखातात, समुद्रात भराव टाकून केलेल्या जमिनीवर साइट इंजिनिअर आहे. व्हायब्रो कॉम्पॅक्शन (थरथरणारा दांडा जमिनीत उतरवून वाळू दाट करणं) झालं की दुसऱ्या दिवशी आम्ही कोन टेस्ट घेतो (टोकदार कोन जमिनीत दाबून ती किती विरोध करते तो आकडा मोजतो), तर बरेच पॉइंट फेल गेले, दोन ठिकाणी तर आधीपेक्षाही कमी आकडा आला. कंत्राटदार म्हणतो, दोन-तीन आठवडे थांबा, आकडे आपोआप वाढतील. आमच्या कन्सल्टंटला हा वेळकाढूपणा वाटतो. वाळू म्हणजे काय सिमेंट आहे का थांबलं की घट्ट व्हायला?
– एक वाचक, शारजा

उत्तर : कंत्राटदार खरं बोलतोय, पण त्याच्या खऱ्याला मर्यादा आहे आणि ती तुम्हाला माहीत असायलाच हवी.

प्रोब, म्हणजे व्हायब्रोचा तो दांडा, वाळूत उतरून थरथरतो तेव्हा कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांची पकड सोडतात आणि पुन्हा जवळजवळ बसतात, रव्याचा डबा आपटला की रवा खाली बसतो तसं. स्वच्छ वाळूत हा दाब काही तासांत निघून जातो. म्हणजे पुस्तकाप्रमाणे दुसऱ्या दिवशी काम संपलेलं असायला हवं, पण तसं होत नाही आणि हे जगाला नीट कळलं ते नायजेरियात.

नायजर नदीवर जेब्बा धरण बांधताना पात्रात खूप खोलवर सैल वाळू लागली. वरचा थर व्हायब्रोने बसवला, प्रोब पोचत नव्हता तिथे खाली स्फोट केले. स्फोटानंतर जमीन खचली, म्हणजे वाळू दाट झाली हे डोळ्यांना दिसत होतं, आणि तरी कोनचा आकडा आधीपेक्षा कमी! मग आठवड्यामागून आठवडे तो वाढत गेला, मूळच्याही वर गेला. व्हायब्रो केलेल्या थरातही वाढ दिसली. मिचेल आणि सोलिमार या इंजिनिअरांनी १९८४ मध्ये हे छापलं तेव्हा बऱ्याच जणांना पटलं नव्हतं, पण नंतर इतर ठिकाणीही असंच दिसत गेलं. त्यामुळे तुमच्या दोन पॉइंटचे कमी आकडे बघून लगेच काम बिघडलं असं म्हणू नका.

आता वाढ होते कशाने? जेब्बावाल्यांनी कणांच्या टेकण्यावर सिलिकाचा चिकट थर बसतो असं सुचवलं. श्मर्टमन या दुसऱ्या इंजिनिअरनी १९९१ मध्ये दुसरी बाजू मांडली, की कण अगदी सूक्ष्म सरकत राहतात आणि भार जास्त पक्क्या साखळ्यांवर जातो, घनता तेवढीच राहते पण पकड वाढते. मला ही दुसरी बाजू जास्त पटते, कारण लॅबमध्ये कोरड्या वाळूतही वेळेनुसार ताठरपणा वाढलेला दिसलाय, आणि तिथे पाण्यातलं रसायन कुठून येणार. आणखी एक महत्त्वाचं, ही वाढ साधारण लॉग वेळेच्या हिशोबाने चालते, म्हणजे पहिल्या ते दहाव्या दिवसात जेवढी, जवळपास तेवढीच दहाव्या ते शंभराव्या दिवसात. म्हणून दोन-तीन आठवडे थांबणं रास्त आहे, सहा महिने थांबून अजून बघू म्हणणं नाही.

पण थांबल्याने सगळं भरून निघत नाही हो. वाळूत गाळ जास्त असेल तर व्हायब्रोच नीट चालत नाही आणि तिथे कितीही वाट बघा. शिवाय तुमच्याकडची वाळू शिंपल्यांची, कॅल्शियम कार्बोनेटची असणार. असे कण कोनखाली चुरडतात, म्हणून तेवढ्याच घनतेला कोनचा आकडा सिलिका वाळूपेक्षा कमी येतो. दुबईच्या किनाऱ्यावरच्या भरावांवर यासाठी शेल करेक्शन, म्हणजे मोजलेला आकडा वाढवून धरणारा गुणक, लावतात. तुमच्या कन्सल्टंटने ते लावलंय का, हे आधी विचारा, कदाचित अर्धे फेल पॉइंट तिथेच पास होतील.

भूकंपाचा विचार असेल तर वाळूच्या वयावर, म्हणजे ती बसवल्यापासून गेलेल्या वेळेवर, फार विसंबू नका. ११ मार्च २०११ ला जपानच्या उरायासूत जुन्या नैसर्गिक जमिनीवरचा भाग टिकला, १९६० नंतर टाकलेल्या भरावावर मात्र घरं कलली, मॅनहोल वर आले, आणि त्याच भरावात जिथे आधी वाळूचे खांब ठोकून जमीन घट्ट केली होती तो भाग सावरला. काही महिन्यांचं वय भूकंपासमोर काहीच नाही, आणि मोठा हादरा बसला की मिळवलेली पकडही बरीचशी पुसली जाते. त्यामुळे डिझाइन घनतेवर करा, वाढलेला आकडा पुरावा म्हणून ठेवा.

आता साइटवर असं करा. फेल गेलेल्या पॉइंटच्या जवळच, पण प्रोबच्या जागेपासून तेवढ्याच अंतरावर, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी परत कोन टाका. प्रोबपासूनचं अंतर बदललं तर आकडा त्यामुळेच बदलतो आणि मग वेळेचा परिणाम कुणालाच सांगता येत नाही. आकडे खरोखर चढत असतील तर पुढच्या पट्ट्याला स्वीकृतीची टेस्ट किती दिवसांनी घ्यायची ते मेथड स्टेटमेंटमध्ये (काम कसं करायचं ते ठरवणाऱ्या कागदात) घालून घ्या. अठ्ठाविसाव्या दिवशीही आकडा हलला नाही तर तो भाग परत कॉम्पॅक्ट करायला सांगा, आणि त्याआधी तिथल्या वाळूत गाळ किती आहे ते चाळणी लावून बघा.