पहिल्या आण्विक पाणबुड्यांत द्रव धातूने थंड होणाऱ्या अणुभट्ट्याही होत्या, मग पुढे सगळीकडे पाणीच का?

कारण दुरुस्ती. उष्णता वाहून न्यायला धातू सरसच, पण गळती झाल्यावर भट्टीच्या खोलीत माणूस कधी शिरू शकतो, यावर निकाल लागला.

अमेरिकी नौदलाच्या आण्विक कार्यक्रमाचे प्रमुख रिकोव्हर यांनी दोन्ही भट्ट्यांचं काम समांतर चालवलं: 'नॉटिलस' पाणबुडीसाठी वेस्टिंगहाउसची पाण्याची, 'सीवुल्फ'साठी जनरल इलेक्ट्रिकची सोडियमची. पाणी उकळू द्यायचं नाही तर शंभराहून जास्त वातावरणांचा दाब लागतो. म्हणजे जाड पोलादी पात्र, जाड नळ्या, आणि एवढं करून वाफ बेताचीच गरम. सोडियम 883 अंशांपर्यंत उकळतच नाही. दाब नको, वाफ जास्त तापलेली. कागदावर बाजी त्याचीच होती.

पण पाणी लागलं की सोडियम पेट घेतो, आणि पाणबुडीत वाफ करायची तर मध्ये फक्त नळीची भिंत. शिवाय न्यूट्रॉन शोषून त्याचा सोडियम-24 होतो, अर्धायुष्य (म्हणजे किरणोत्सर्ग निम्मा होण्याचा काळ) 15 तास. भट्टी बंद केल्यावर त्याचा किरणोत्सर्ग हजारपट उतरायला सहा दिवस! पाण्यात तयार होणाऱ्या नायट्रोजन-16 चं अर्धायुष्य 7 सेकंद. काही मिनिटांत तो नाहीसा. उरतो तो मुख्यतः नळ्यांतल्या गंजाचा किरणोत्सर्ग. 'सीवुल्फ'च्या चाचणीत 1956 मध्येच सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या) बाजूला गळती होऊन चिरा पडल्या. मग सुपरहीटर वगळून कमी शक्तीवर ती चालवली, आणि 1958 च्या अखेरीस भट्टीच काढायला घेतली.

सोव्हिएतांनी शिसं-बिस्मथ निवडलं. ते पाण्याशी भडकत नाही, पण सुमारे 125 अंशांखाली गोठतं, म्हणजे धक्क्यावरसुद्धा सतत गरम ठेवा. बिस्मथपासून पोलोनियम-210 हा घातक किरणोत्सर्गी पदार्थ होतो ते वेगळंच. आणि ऑक्साइडचा गाळ साचतो. त्यांच्या के-27 पाणबुडीत 24 मे 1968 रोजी त्यानेच प्रवाह अडला, एका भट्टीतलं इंधन वितळलं. 9 जण गेले.

पाणीही काही साधुसंत नाही. पाण्याची भट्टी असलेल्या सोव्हिएत पाणबुडी के-3 चे वाफजनक (वाफ तयार करणारे भाग) सतत गळायचे. 4 जुलै 1961 ला तशाच के-19 पाणबुडीच्या भट्टीचं पाणी निघून गेलं, आणि आणीबाणीत पाणी सोडायला वेगळी पाइपलाइनच नव्हती. खलाशांनी आत शिरून नळी वेल्ड केली. त्यातले 8 जण काही आठवड्यांत दगावले. पण ही उणीव पाइप आणि पंप बसवून भरून काढता येत होती. सोडियम-24 चं अर्धायुष्य कोण बदलणार?