पेट्रोलच्या पावत्या

"मॅडम, फिरायला नेलं हीच आमची चूक झाली का?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आईनं विचारलं.

जून सरत आला की समुपदेशनात हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. सुट्टीत पोर मजेत होतं, घरी आल्यापासून गप्प आहे, चिडचिड करतंय. लाडावलं का? डिप्रेशन तर नाही ना?

हे कुटुंब ठाण्यातल्या वाघबीळचं. आईबाबा, आजी आणि 13 वर्षांची लेक. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मे महिन्यात स्वतःच्या गाडीनं ते कन्याकुमारीला जाऊन आले. जाताना कोल्हापूर, हुबळी, बेंगळुरू, पुढे 44 नंबरच्या हायवेनं सेलम, मदुराई. येताना 66 नंबर धरून केरळ, मंगळूर, गोवा, कोकण, थेट पनवेलपर्यंत. 17 दिवस, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. घरी पोचले, बॅगा तशाच टाकल्या आणि दुसऱ्या सकाळी बाबांनी नेहमीची लोकल पकडली.

त्यानंतर मुलगी जेवायला बाहेर येईना. विचारलं तर एका शब्दात उत्तर. "वय आहे," असं आजी म्हणाली, घरानंही ते मानलं. मग एका रविवारी आईनं बॅगा आवरल्या आणि तळाशी सापडलेल्या पेट्रोल पंपाच्या चुरगळलेल्या पावत्या केरात टाकल्या. मुलगी दोन तास रडली. कागदांसाठी इतकं रडणं बघून आई घाबरली आणि माझ्याकडे आली.

मी आधी शाळेच्या बाजूनं गेले. आठवी सुरू झालेली, तुकडी बदललेली, मैत्रीण दुसऱ्या वर्गात. मुलगी सगळ्याला "ठीक आहे" म्हणत राहिली. पावत्यांकडे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं, ते दुसऱ्या भेटीत सुचलं.

"त्या पावत्यांचं काय करणार होतीस?"

"वहीत चिकटवणार होते. हिशोब माझ्याकडे होता ना."

मग ती बोलतच सुटली. आजीचा गुडघा आखडतो, म्हणून आई मागे तिच्याजवळ बसायची. पुढे बाबांच्या शेजारी ही. किती लिटर भरलं, किती किलोमीटर झाले, ॲव्हरेज किती पडलं, फास्टॅगमध्ये किती उरले, सगळं हिच्या वहीत. पिवळ्या माथ्याचा दगड म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या माथ्याचा म्हणजे राज्य महामार्ग, हे तिला पाठ. केरळात रुंदीकरणाच्या कामामुळे वळवलेल्या रस्त्यावर बाबा गोंधळले, तेव्हा तो दगड बघून हिनंच सांगितलं की आपण हायवे सोडलाय. दुपारच्या जेवणानंतर बाबांना पेंग येऊ नये म्हणून बोलत राहायचं, तेही हिचंच काम.

शेवटी म्हणाली, "गाडीत बाबा मला विचारायचे. घरी मला नुसतं सांगतात."

पोरीला समुद्राची आठवण येत असेल अशी सगळ्यांची समजूत होती. तिचं हरवलं होतं ते पद. 17 दिवस तिच्या शब्दावर गाडी वळत होती. आणि घरी काय, दप्तर भर, दूध पी, फोन ठेव. तिच्या कामाचा जो काही पुरावा होता, तोही केरात गेला होता.

पुढच्या भेटीला बाबा आले. ऐकून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "खरंय, कशेडीपासून पुढे मला जागं हिनंच ठेवलं." मी विचारलं, घरातलं खरं काय हिच्यावर सोपवता येईल? "कुंड्यांना पाणी?" आईनं सुचवलं. मुलीचा चेहरा पडला, आणि तो पडणं रास्तच होतं. ज्यात आपण चुकलो तरी कुणाचं काही अडत नाही, ते काम भातुकलीचं, हे 13 वर्षांच्या मुलीला कळतं. मग ठरलं: गाडीची वही हिच्याकडेच राहणार. पीयूसी, इन्शुरन्सच्या तारखा, टायरची हवा, पावसाआधी वायपर बदलायचे का. गणपतीला गावी जायचा रस्ता आणि खर्च हीच ठरवणार. दर रविवारच्या बाजाराचे पैसेही हिच्या हातात. पहिल्याच रविवारी चारशे रुपये जास्त गेले. बाबा रागावले नाहीत, "पुढच्या वेळी कुठे कमी करायचे?" एवढंच विचारलं. माझ्या मते सगळ्यात मोलाचं हेच झालं. आईनं पावत्यांबद्दल माफी मागितली, तीही मोकळेपणानं.

आता डिप्रेशनच्या भीतीबद्दल. मोठ्या प्रवासानंतर काही दिवस उदास, सुस्त वाटणं बहुतेकांना होतं, मोठ्यांनाही. पण उदासी किंवा चिडचिड दोन आठवड्यांहून जास्त रोजच राहिली, झोप किंवा भूक बिघडली, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या, तर वाट बघू नका, तज्ज्ञांना भेटा. जगणं नको असं मूल बोललं, तर त्याच दिवशी. टेलिमानसचा 14416 हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. या मुलीला भूक होती, झोप होती, वहीचा विषय निघाला की डोळ्यांत चमक होती. म्हणून मी घरावर भिस्त ठेवली आणि महिनाभर लक्ष ठेवलं.

ऑगस्टमधल्या शेवटच्या भेटीनंतर त्यांना सोडायला मी दारापर्यंत गेले. बाहेर पाऊस ओतत होता. गाडीची किल्ली हातात घेऊन बाबांनी लेकीकडे बघितलं. "घोडबंदर रोडनं जाऊ की कोलशेतवरून?"

तिनं फोनवर बघितलं. "कोलशेत. आणि आधी हवा भरायचीय, पुढचं डावं कमी आहे."